उपाशीपोटी

उणे सत्तरच्या पेटीतून मी बाहेर काढते
कुओपिओच्या आसपासची माणसं,
खोक्यात ओळीनं उभी, करंगळीएवढी.
सगळे पुरुष. सगळे शहाऐंशीच्या मार्चमधले.
नावांची यादी दुसऱ्या इमारतीत, कुलपात.
माझ्याकडे फक्त आकडे
आणि वितळायला लागणारा अर्धा तास.

तेवढ्यात औती कॉफी आणते.
"आज किती?"
"चाळीस."
मग आम्ही रक्तातून स्नेह वेगळा काढतो.
मोजतो: किती, कुठल्या जातीचा, किती बंधांचा.

पडद्यावर शिखरं उगवतात.
आखूड आम्लं आधी निघतात, लांबलचक उशिरा,
सभेतून म्हातारे निघावेत तशी.
पंधरा कार्बनांचं छोटंसं टेकाड: हा लोणी खायचा.
वीस कार्बन, पाच वाकणं: ह्याच्या दारात तळं होतं.
प्रश्नावलीत माणूस काहीही लिहितो.
खाल्लेलं अंगी लागलं की लागलं.

संपृक्त म्हणजे जिथे आणखी कुणाला जागा नाही.
सरळ साखळ्या, रचलेल्या ओंडक्यांसारख्या,
थंडीत घट्ट होणाऱ्या.
असंपृक्त दुहेरी बंधाशी कमरेत वाकते
म्हणून गोठत नाही;
बर्फाखालचा मुइक्कू मासा
म्हणून तर शेपटी हलवू शकतो.

माझे वडील पहिल्या जातीचे.
तौनो, सोर्सानिएमीचे लाकूडतोडे.
तपासणीची बस शाळेपाशी थांबली होती,
मी अकरा वर्षांची, त्यांच्या कोटाला धरून.
"उपाशीपोटी आलात ना?" नर्सनं विचारलं.
"हो," ते म्हणाले,
आणि मिशीत राईच्या पावाचा कण.

त्या वर्षी डॉक्टरांच्या सांगण्यावरून
आईनं घरातलं लोणी बंद केलं होतं.
मोहरीच्या जातीतल्या कसल्याशा बियांचं पिवळं तेल आणलं.
वडिलांनी बाटली उजेडात धरून पाहिली:
"हे करवतीला घाल."
मग गोठ्यात जाऊन बराच वेळ आले नाहीत.
एक्कावन्नाव्या वर्षी, दारातला बर्फ ओढताना,
फावडं उभंच राहिलं, ते नाही.

आज सव्विसावी नळी दुधाळ निघाली.
वितळूनही धुकट.
लेबलावर पेन्सिलीनं, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात:
उपाशी नसावा.
"बाजूला ठेव," औती म्हणाली.
ठेवायचीच होती. आधी यंत्रात घातली.

असे खोटारडे गावोगाव असणार, मला कळतं.
तरी शिखरं येईपर्यंत खुर्चीत बसवेना.
लोण्याचं टेकाड, उंच. ते ठाऊकच होतं.
आणि अगदी शेवटी, सगळे उठून गेल्यावर,
माशाचं.
तेही उंच.

आमचा तक्ता म्हणतो,
ज्यांच्यात हे शिखर उंच, त्यांच्यात हृदयाचे मृत्यू
थोडे कमी.
तक्त्याला "थोडे" म्हणता येतं.
घराला नाही.

रात्री आईला फोन केला. सत्त्याऐंशीची हिल्क्का,
कानापेक्षा फोन मोठा.
"बाबा गोठ्यात चोरून लोणी खायचे, माहीत होतं तुला?"
पलीकडे चमच्याचा आवाज थांबला.
"डबा भरत कोण होतं मग?
माशाचं जेवण न कुरकुरता संपवलं
की दुसऱ्या दिवशी भरायचे.
कुरकुरला की नाही."

जरा वेळ नुसती तिथली शेगडी ऐकू येत होती.
मग, नेहमीचं:
"जेवलीस का?"
"हो," मी म्हणाले.
जेवले नव्हते.